दक्षिणेची रेघ

आमच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या सरांना जीपचा आवाज फार लांबून ऐकू यायचा. आम्हाला रस्त्यावर काहीच दिसत नसायचं, आणि सर बोलता बोलता मधेच थांबायचे. हातातला खडू तसाच वर. मग खरोखरच कोपऱ्यावरून जीप यायची. कधी साखर कारखान्याची असायची, कधी सरकारी दवाखान्याची. ती पुढे निघून गेली की सर अर्धवट सोडलेलं वाक्य नेमकं पुढच्या शब्दापासून उचलायचे. नव्याने आलेल्या माणसाला वाटायचं, सरांना दम्याचा त्रास असावा. मलाही पहिले काही दिवस तसंच वाटलं होतं.

मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. मराठी शिकवायची. घर कागलला, शाळा कोल्हापुरात, त्यामुळे रोज एसटीनं ये-जा. शिक्षकांच्या खोलीत मला खुर्ची मिळाली ती सरांच्या शेजारची, कारण ती इतर कुणालाच नको होती. सरांची खुर्ची भिंतीला टेकलेली आणि तोंड दाराकडे. पाठीमागे भिंत असल्याशिवाय हा माणूस कुठेही बसायचा नाही, मग ती शाळा असो, हॉटेल असो की लग्नाचा मांडव. आणि डोक्यावर खुंटीला एक खाकी पिशवी. तिच्यात जादा सदरा-पायजमा, टॉवेल आणि दंतमंजनाची डबी आहे, हे शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. सोमवारी सर पिशवीतले कपडे धुवायला घरी न्यायचे आणि दुसरे धुतलेले आणून ठेवायचे.

"कुठं गावाला जायचंय का सर?" मी एकदा विचारलं.

"न्हाय बाई. धरून नेलं तर अंगावरच्या कापडावर नगं जायाला," ते म्हणाले आणि वह्या तपासायला लागले.

सर मूळचे निपाणीकडचे. कागलच्या पुढे नदीवर पूल आहे, तो ओलांडला की दोन मैलांवर त्यांचं गाव. भाषावार राज्यं झाली तेव्हा ते गाव म्हैसूर राज्यात गेलं. गावात बोलणं मराठी, भजन मराठी, भांडणंसुद्धा मराठीत, पण गाव गेलं. सर तेव्हा ऐन तरणे होते. सत्याग्रह झाला त्यात हे पुढे. कुठल्याशा कचेरीवरची पाटी उतरवली, पोलीस आले, बरोबरचे दोघं-तिघं सापडले आणि त्यांनी बेदम मार खाल्ला. हे नदीत उडी टाकून पोहत अलीकडे आले ते परत गेलेच नाहीत. त्यांच्या नावाचं वॉरंट निघालंय, असं नंतर त्यांना कुणीतरी सांगितलं. कुणी सांगितलं हे त्यांनाही धड आठवत नव्हतं.

मी म्हटलं, "सर, इतकी वर्षं झाली. कुणाला तरी चौकशी करायला सांगा. कधीच मिटलं असेल ते."

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्यांना धरून द्यायला निघाले होते. "चौकशी केली की त्यास्नी आठवंल की!"

मी माझ्या वह्या पुढे ओढल्या.

आता त्यांच्या नकाशाविषयी सांगायला हवं, कारण कोल्हापुरात ते त्यामुळेच प्रसिद्ध होते. सर फळ्यावर महाराष्ट्र काढायचे तो न पाहता. वर गुजरातच्या टोकापासून खडू टेकवला की किनाऱ्याची दंतुर रेघ सरसर खाली यायची. उत्तरेची, पूर्वेची बाजू तशीच सुबक. पण कोल्हापूरच्या खाली आलं की खडू थांबायचा. दक्षिणेची बाजू उघडी. कोल्हापूरपासून सोलापूरपर्यंत नुसता काळा फळा. मुलांनी त्यांना 'अर्धा नकाशा' म्हणायला सुरुवात केली होती आणि ते त्यांना माहीत होतं.

मुलंही तसाच नकाशा काढायची. परीक्षेत गुण जायचे. एकदा तालमीत नारळासारखं डोकं घासून तयार झालेले एक पैलवान पालक तक्रार घेऊन आले. दार अडवून उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, पोराचं मार्क गेलं. एक रेघ वढायला तुमचं काय जातंय?"

सर उठून उभे राहिले. पैलवानाच्या छातीपर्यंत येत होते जेमतेम. "पावणं, तुमच्या घरातनं कुणीतरी भिंत घातली, तुमची आय पलीकडं ऱ्हायली, तर ती भिंत तुमी सोताच्या हातानं गिलावा करून द्याल?"

पैलवान दारातून बाजूला झाले. "ते बी खरंच की," म्हणाले आणि गेले. मुलाला मात्र त्यांनी दुसऱ्या वर्गात घातलं.

तपासणीला साहेब आले तेव्हा तर हेडमास्तर दारातच घामाघूम. साहेबांनी फळ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "खालची बाजू राहिली का?"

"राहिली नाही साहेब. अजून ठरायची हाय," सर म्हणाले.

साहेबांनी खडू उचलला, रेघ पूर्ण केली आणि हात झटकले. साहेब जिन्याच्या खाली गेले असतील-नसतील, तोवर सरांनी ती रेघ ओल्या फडक्यानं पुसली. जीपच्या आवाजाला घाबरणारा माणूस साहेबाला कसा घाबरत नाही, याचं मला नवल वाटायचं. मग लक्षात आलं की साहेब काय करतील हे सरांना माहीत होतं. बदली, पगारवाढ रोखणं, शेरा. यांना सर भीत नव्हते. ज्याचं काय होईल हे कुणीच सांगत नाही, त्याला भीत होते.

कन्नडशी त्यांचं भांडण नव्हतं, हे मात्र सांगायला हवं. त्यांची आई कन्नड गावची. आईला ते अव्वा म्हणायचे, थोरल्या बहिणीला अक्का, ती त्यांना तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, आणि खडू मोजताना त्यांच्या तोंडून ओंदु, एरडु असंच यायचं. "भाषेनं माझं काय वाकडं केलंय?" म्हणायचे. "दिल्लीत कुणीतरी टेबलावर वाकून रेघ वढली. त्याला आमचं गाव दिसलं बी न्हाय. त्याच्या बोटाखाली हुतं." सीमेचा वाद सोडवायला नेमलेल्या आयोगाचा निकाल आला आणि त्यांचं गाव तिकडेच राहणार म्हणून छापून आलं, त्या दिवशीही ते शाळेत आले. पाचवीला वारे शिकवले. फक्त डबा उघडला नाही.

पंधरा ऑगस्टला ते झेंड्याला ताठ उभे राहायचे, राष्ट्रगीत मोठ्यानं म्हणायचे. नंतरची बुंदी घ्यायचे नाहीत. "झेंडा माझाच हाय. वाटणी करणाऱ्याच्या हातचं नगं." मत त्यांनी कधी दिलं नाही. तिकडच्या यादीत नाव घालायला जायची सोय नव्हती आणि इकडच्या यादीत घातलं तर तिकडचं सोडलं असं झालं असतं. त्यात आपल्याकडे अनोळखी माणसाला पावणं म्हणायची रीत. दुकानदार, रिक्षावाला, कंडक्टर सगळे प्रेमानं म्हणायचे, "या पावणं, बसा पावणं." सर भडकायचे. "किती वर्सं पावणंच ऱ्हायाचं रं?" त्या दुकानदाराला बिचाऱ्याला कळायचंच नाही की आपलं चुकलं काय.

आम्ही हसायचो. मीही हसायचे. ते हसणं थांबलं एका दुपारी.

शाळेच्या फाटकाशी जीप थांबली. नंबराची पाटी परराज्याची. चार-पाच माणसं उतरली आणि शिपायाशी बोलू लागली. सर तेव्हा सातवीच्या वर्गावर होते. पाच मिनिटांनी सातवीचा गोंगाट ऐकू आला म्हणून हेडमास्तर गेले, तर वर्गात सर नाहीत. खुंटीवरची पिशवीही नाही. हेडमास्तरांनी मला शोधायला पाठवलं.

नकाशांच्या खोलीत ते सापडले. गुंडाळलेले नकाशे कोपऱ्यात उभे करून ठेवलेले असत, त्यांच्यामागे भिंतीला पाठ लावून बसले होते. मांडीवर पिशवी. चपला पायातून काढून छातीशी धरलेल्या, चालताना आवाज होऊ नये म्हणून. चेहरा चुन्यासारखा.

"किती हाईत?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"सर, देवीच्या दर्शनाला आलेली माणसं आहेत. रस्ता चुकलेत. बायका-मुलं आहेत बरोबर."

"बायका-पोरं पुढं घालून बी येत्यात."

मी पुढे बोलणार होते, तेवढ्यात व्हरांड्यात पावलं वाजली. सरांनी माझं मनगट धरलं. पावलं शिपायाची आहेत हे मला पक्कं माहीत होतं, रोज ऐकत होते मी ती. तरी मीसुद्धा श्वास धरला. शिपाई पाण्याची घागर घेऊन पुढे गेला. त्यानंतर कितीतरी दिवस माझंही वाक्य जीपच्या आवाजानं तुटत असे. भीती अशी लागते एकाची दुसऱ्याला, देवीच्या साथीसारखी.

ज्या बहिणीनं आई गेल्यावर त्यांना वाढवलं ती अक्का तिकडेच, त्याच गावात दिलेली. सर जाऊ शकत नव्हते आणि अक्काला गुडघ्यांमुळे कोल्हापूर झेपत नव्हतं. म्हणून भाऊबीज पुलावर. दर दिवाळीत सर एसटीनं कागलला यायचे, आमच्या घरी थांबून चहा घ्यायचे आणि पुढे पुलाकडे जायचे. एका वर्षी आईनं अक्कासाठी फराळाचा डबा दिला आणि मला बरोबर धाडलं.

पुलाच्या अलीकडे एक चहाची टपरी होती. बाजूला आडोसा म्हणून एक मोठा गंजका पत्रा उभा केलेला. सर थेट त्या पत्र्याला पाठ टेकून बसले. इतकं निवांत बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पुलाच्या पलीकडच्या टोकाला तिकडच्या राज्याच्या पोलिसांची चौकी होती. तिथला एक पोलीस चहा प्यायला म्हणून पूल ओलांडून आला आणि समोरच्या बाकड्यावर बसला. मी फराळाचा डबा मांडीवर घट्ट धरला. सर मात्र हलले नाहीत. उलट त्या पोलिसाची टोपी बाकड्यावर तिरकी पडली होती ती बघून त्यांनी कन्नडमध्ये त्याला काहीतरी फर्मावलं. पोलीस हसला, टोपी नीट ठेवली आणि चहा पिऊन गेला.

"काय म्हणालात सर?"

"म्हटलं, हितं तुजं राज्य न्हाय, टोपी नीट ठेव. पुलाच्या अर्ध्यापतूर आपलं हाय. हितं काय करणार हाय त्यो?" त्यांच्या डोळ्यांत पोरासारखी चमक होती.

पुलाच्या मधोमध एक लोखंडी सांधा आहे. सर त्या सांध्याच्या अलीकडे उभे राहिले. पलीकडून अक्का आली, मुलाच्या, म्हणजे सरांच्या भाच्याच्या, खांद्यावर हात ठेवून, एक एक पाऊल टाकत. बरोबर पाट, तबक आणि कंदील. पुलावर वारा इतका की निरांजन टिकत नाही, म्हणून अक्का कंदिलानं ओवाळायची. कंदिलानं ओवाळून घेणारा दुसरा भाऊ मी पाहिलेला नाही. पाट सांध्याच्या अलीकडे, त्यावर सर, आणि सांध्याच्या पलीकडे अक्का वाकलेली. ट्रक कर्कश हॉर्न देत अंगावरून जात होते. अक्कानं सरांच्या टोपीवर अक्षता टाकल्या आणि म्हणाली, "तम्मा, वाळलास की रं." सरांनी ओवाळणीचं लुगडं तिच्या हातात दिलं, आणि देताना त्यांचा हात सांध्याच्या पलीकडे गेला तो चटका बसावा तसा मागे घेतला.

पुढच्या वर्षी भाऊबीजेला मी पुन्हा बरोबर होते. खूप वेळ थांबलो. अक्का आली नाही. भाचा एकटाच आला, धापा टाकत.

"मामा, आय हातरुणावनं उठत न्हाय. तुमचं नाव घेत्या. चला."

सर सांध्यापाशी उभे होते. पलीकडच्या चौकीत दोन पोलीस बसलेले दिसत होते.

"कोन बी धरत न्हाय मामा. मी रोज जातोय-येतोय."

"तुज्या नावावर काय हाय? माज्या नावावर हाय."

"दोन मैल हाय मामा! जाऊन लगोलग या."

सरांनी पाऊल उचललं. मी पाहिलं, चप्पल सांध्यावर आली. तिथेच थांबली. तेवढ्यात चौकीतला एक पोलीस उठून उभा राहिला, आळस द्यायला असेल. सरांनी पाय मागे घेतला आणि कठडा धरला. घामानं सदरा पाठीला चिकटला होता.

"बाई, तुमी जावा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तुमाला कोन वळखत न्हाय."

मी गेले. चौकीवरून जाताना मी मान खाली घातली, खोटं कशाला बोलू? पोलिसांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

अक्का बाजेवर होती. डोळे दाराकडे. माझ्या मागे कुणी आहे का हे तिनं पाहिलं आणि मग मला म्हणाली, "न्हाय न्हवं आला?"

"पुलापर्यंत आलेत."

"येऊ नगंच म्हणावं. त्याला धरलं तर मी सुखानं मरायची न्हाय." मग तिनं मुलाला कंदील लावायला सांगितला. पडल्या पडल्या तो हातात घेतला, नदीच्या दिशेला जेमतेम एकदा फिरवला आणि माझ्याकडे दिला. "इझू दिऊ नगं पोरी."

भर दुपारी पेटता कंदील घेऊन मी परत निघाले. चौकीतल्या पोलिसांनी मला पाहून काहीतरी म्हटलं आणि हसले. मला काही कळलं नाही, आणि कळलं नाही म्हणूनच जास्त भीती वाटली. सर त्याच जागी उभे होते. मी त्यांना ओवाळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, कंदिलाकडे पाहत राहिले.

अक्का त्याच आठवड्यात गेली. तिकडचं स्मशान नदीकाठी आहे. सर पुलाच्या सांध्यावर उभे राहून धूर बघत होते, असं भाच्यानं नंतर मला सांगितलं.

त्यानंतरच्या दिवाळीत सर पुन्हा आमच्या दारात उभे. हातात तोच कंदील. आईनं मला नुसती खूण केली. मी निघाले.

टपरीच्या अलीकडे, आम्ही एसटीतून उतरलो त्याच्या पन्नास पावलं पुढे, रस्त्याच्या कडेला एक मोठी पाटी उभी होती. ताजा रंग, कन्नड अक्षरं. तिकडच्या राज्याचं नाव बदललं होतं, त्याची असावी. सर तिच्यासमोर थांबले. वाचलं. मग पाटीच्या मागे गेले. मागच्या बाजूचा गंज तसाच होता. तो गंज मी ओळखला, त्यांनीही ओळखला. टपरीकडे पाहिलं तर आडोशाला पत्र्याऐवजी पोत्याचा पडदा.

"ह्यो पत्रा हितं कुणी लावला रं?" सरांनी टपरीवाल्याला विचारलं.

"त्यांच्या रस्त्याची माणसं आलती की. त्यांचीच पाटी ती. मागं पुरात पडलेली, मी उचलून आडुशाला लावली हुती. आता रंगवून हुती तितंच परत रोवली."

"हुती तितं?"

"व्हय. हद्द पयल्यापासनं हितंच हाय. पूल समदा त्यांचा, ही टपरी बी."

"आणि हे मला सांगितलं न्हाईस?"

"तुमी कवा इचारलासा?"

भूगोलाच्या या मास्तरानं तालुक्याचा नकाशा शाळेत नोकरी लागल्यापासून कधी उलगडलाच नव्हता. त्यात ती रेघ होती म्हणून. आम्ही कागलकरही पूल म्हणजे हद्द असंच धरून चाललो होतो. कंडक्टरही पूल आला की 'हद्द' असंच ओरडायचा.

सर बाकड्यावर बसले. पाठीमागे भिंत नव्हती, पत्रा नव्हता, नुसतं पोतं वाऱ्यानं हलत होतं. तरी बसले. चहा आला, त्यावर साय धरली. मग ते म्हणाले, "म्हंजे त्या पोलिसाला मी त्याच्याच राज्यात दटावलं."

मी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

"पाट बी तिकडंच मांडला हुता. दर साली." त्यांनी कंदील मांडीवर घेतला. "मी तिकडंच हुतो बाई. कुणी धरलं न्हाय. आणि अक्का दोन मैलांवर हुती."

ते रडले असते तर बरं झालं असतं. मला त्या क्षणी त्यांची नाही, त्यांच्या शांतपणाची भीती वाटली. पुलाकडे ते गेलेच नाहीत. आम्ही येणाऱ्या एसटीनं परत फिरलो.

सुट्टी संपून शाळा भरली त्या दिवशी मी सातवीच्या शेजारच्या वर्गावर होते. मधे नुसती लाकडी फळ्यांची भिंत, त्यामुळे पलीकडचा खडू ऐकू यायचा. सर नकाशा काढत होते. किनारा सरसर उतरला. वरची बाजू झाली, पूर्वेची झाली. खडू कोल्हापूरच्या खाली आला असणार, कारण तो थांबला. रस्त्यावरून एक जीप गेली. मग खडू पुन्हा चालू झाला. सावकाश, फळ्यावर दाबून, करकरत, पार सोलापूरपर्यंत.

आणि मग सातवीची पोरं टाळ्या वाजवायला लागली. आपल्या सरांचा नकाशा शेवटी पुरा झाला म्हणून खूश होऊन, बाकं बडवत. बराच वेळ वाजवत होती. सर त्यांना गप्प बसा म्हणाले नाहीत.